हरवलेला ‘ह’

आमच्या चाळीत तात्या या नावाने ओळखले जाणारे एक गृहस्थ राहत असत. रेल्वेच्या मालवाहतूक कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेले आणि बोलण्याची विलक्षण हौस असलेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र समूळ काढावे लागले. त्यानंतर काही महिने त्यांचा सारा व्यवहार नातवाच्या पाटीवर चालत असे. पुढे परदेशी असलेल्या भाच्याने त्यांच्यासाठी दाढीच्या यंत्राएवढे एक बॅटरीवर चालणारे उपकरण आणले. ते गळ्याला टेकवून खटका दाबला की भुंग्यासारखी एकसुरी घरघर होई, आणि ओठ व जीभ हलवून तात्या त्या घरघरीला शब्दांचा आकार देत. पहिल्या दिवशी चाळीतली सारी माणसे ते ऐकायला त्यांच्या दारात जमली होती. पंधरवड्यात मात्र तात्यांनी ते यंत्र कपाटात ठेवून दिले आणि पाटी पुन्हा हाती घेतली. घरच्यांना याचा राग आला. एवढा खर्च करून आणलेला आवाज माणूस नाकारतो म्हणजे काय? तात्यांनी पाटीवर कारण लिहून दाखवले : ‘हो म्हणता येत नाही.’

हा तेव्हा आम्हाला एक विक्षिप्तपणा वाटला होता. वस्तुतः तात्यांची तक्रार अतिशय नेमकी होती. स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूस कायमचे उघडे ठेवावे लागते. फुफ्फुसातली हवा तेथूनच आत-बाहेर करते आणि तोंडापर्यंत पोहोचतच नाही. यंत्राची घरघर ओठांपर्यंत येते, पण श्वास येत नाही. आणि ‘ह’ म्हणजे श्वासच. तेव्हा ‘हो’चा ‘ओ’ होतो, ‘नाही’चे ‘नाई’ होते. शिवाय खटका दाबलेला असेतो घरघर अखंड चालत असल्यामुळे अघोष वर्णही घोष ऐकू येतात. ‘क’चा ‘ग’ आणि ‘प’चा ‘ब’ होतो. तात्यांनी भाकरी मागितली तर ऐकणाऱ्याला ‘बागरी’ ऐकू येई. महाप्राण वर्णांनी गजबजलेल्या आपल्या भाषेत ही लहानसहान हानी नव्हे.

प्राचीन प्रातिशाख्यकारांना हे ऐकून नवल वाटले नसते. कंठ मिटलेला असता नाद उपजतो, उघडा असता श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार, असे तैत्तिरीय प्रातिशाख्यात स्पष्ट सांगितले आहे. जीभ, दात, ओठ हे वर्णांना आकार देतात. ‘ह’ मात्र कंठाचा स्वतःचा उद्गार आहे. कंठ गेला की सर्वांत आधी तो जातो.

गेलेला आवाज यंत्राने परत देण्याचा जो सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तो वैद्यकाच्या विजयगाथेसारखा लिहिण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला तो तात्यांच्या पाटीच्या बाजूने वाचावासा वाटतो. दिलेला आवाज माणसाने आपला म्हणून कधी स्वीकारला आणि कधी नाही, हा प्रश्न त्यात आरंभापासून आहे.

हा आरंभ व्हिएन्ना शहरात झाला. ३१ डिसेंबर १८७३ या दिवशी थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने छत्तीस वर्षांच्या एका शिक्षकाचे कर्करोगग्रस्त स्वरयंत्र संपूर्ण काढले. या रोगासाठी अशी शस्त्रक्रिया पूर्वी कोणी यशस्वीपणे केलेली नव्हती. बिलरोथचा साहाय्यक चेर्नी याने १८७० मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग एवढीच काय ती पूर्वतयारी. योगायोग असा की बिलरोथ स्वतः संगीताचा मोठा व्यासंगी होता. तो व्हायोला वाजवीत असे. संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र होता, आणि ब्राम्सने आपल्या ज्या दोन चतुष्टक-रचना त्याला अर्पण केल्या त्या त्याच वर्षी, म्हणजे १८७३ मध्येच, प्रसिद्ध झाल्या. रोग्याला जगवणे एवढ्यावर अशा माणसाचे समाधान झाले नाही, तो पुन्हा बोललाही पाहिजे असे त्याला वाटले, यात आश्चर्य नाही.

ते काम त्याचा दुसरा साहाय्यक कार्ल गुसेनबाउअर याने केले. १८७४ मध्ये त्याने वर्णन केलेल्या कृत्रिम स्वरयंत्रात एक नळी खाली श्वासनलिकेत आणि दुसरी वर घशात जात असे. अन्न खाली उतरू नये म्हणून वर एक झाकण होते, आणि मधोमध धातूची कंप पावणारी पत्ती. आपल्या बाजाच्या पेटीत भात्याची हवा ज्या तत्त्वावर सूर काढते तेच येथे फुफ्फुसाच्या हवेने साधले होते. फरक इतकाच की पेटीला पट्ट्या अनेक असतात, आणि या शिक्षकाच्या वाट्याला एकच आली. त्याचे बोलणे लोकांना स्पष्ट कळे, पण प्रश्न असो, राग असो की प्रार्थना असो, सूर तोच. कर्करोग उलटला आणि सुमारे सात महिन्यांत तो मरण पावला. त्या आवाजाविषयी त्याला स्वतःला काय वाटले, हे त्याच्या डॉक्टरांनी जगाला सांगितलेले नाही. बोलणे समजले, येथे त्यांचे कुतूहल संपले असावे.

यानंतर जे घडले ते मला या इतिहासातले सर्वांत बोलके वळण वाटते. ही शस्त्रक्रिया युरोपभर होऊ लागली, पण रोगी मोठ्या संख्येने दगावत. अन्न, लाळ व रक्त उघड्या श्वासनलिकेत उतरे आणि फुफ्फुसांना घातक संसर्ग होई. बर्लिनच्या ग्लुकने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत यावर उपाय काढला. श्वासनलिका घशापासून पूर्णतः तोडून तिचे तोंड गळ्याच्या कातडीला शिवून टाकायचे, आणि घशाची बाजू बंद करायची. अन्नाचा रस्ता वेगळा, हवेचा वेगळा. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि आजही शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व तेच आहे. परंतु या विभाजनामुळे गुसेनबाउअरच्या यंत्राला जागाच उरली नाही. ज्या वाटेने श्वास तोंडात येऊन शब्द होत असे, ती वाट जीव वाचवण्यासाठी भिंत घालून बंद केली गेली. पुढच्या शंभर वर्षांतले बहुतेक सारे शोध म्हणजे त्या भिंतीला वळसा घालण्याचे, किंवा तिला पुन्हा भोक पाडण्याचे प्रयत्न आहेत.

आवाज की जीव, ही निवड त्या काळी किती कठीण होती याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जर्मनीच्या राजघराण्यातले आहे. १८८७ साली युवराज फ्रेडरिकच्या स्वरतंतूवर गाठ दिसली. मे महिन्यात जर्मन डॉक्टरांनी गळा उघडून ती काढण्याची तयारी केली. ऐन वेळी इंग्लंडहून बोलावलेल्या मोरेल मॅकेन्झी यांनी कर्करोग सिद्ध झालेला नाही असे सांगून शस्त्रक्रिया थांबवली. फिर्चोसारख्या विख्यात विकृतिशास्त्रज्ञालाही त्याने तपासलेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला नव्हता. नोव्हेंबरात निदान निर्विवाद झाले, आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडू लागल्यामुळे युवराजाच्या गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला वडील वारले आणि जर्मनीच्या सिंहासनावर एक मुका सम्राट बसला. नव्व्याण्णव दिवस त्याने कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून राज्यकारभार केला. १५ जूनला तो गेला. हा उदारमतवादी सम्राट जगता तर १९१४चे महायुद्ध टळले असते, असे मानणारा एक पक्ष आहे. मला तो तर्क फार ताणलेला वाटतो. पण एका गोष्टीची नोंद घ्यावीशी वाटते : सम्राट असो की रेल्वेतला कारकून, आवाज गेल्यावर दोघांच्या हाती आली ती लेखणीच.

असो. विसाव्या शतकात वळसा घालण्याचे दोन मार्ग रूढ झाले. पहिल्याला यंत्र लागतच नाही. हवा अन्ननलिकेत घ्यायची आणि ढेकर दिल्याप्रमाणे बाहेर सोडताना तिच्या वरच्या टोकाच्या कंपनावर शब्द उमटवायचे. हे शिकायला महिनोन्‌महिने लागतात आणि अनेकांना ते साधतच नाही. ज्यांना साधे ते इतरांना शिकवीत. अमेरिकेत अशा लोकांची मंडळे स्थापन झाली आणि १९५२ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. आवाज गमावलेल्यांनी आवाज गमावलेल्यांना बोलायला शिकवावे, ही या इतिहासातली मला विशेष आदरणीय वाटणारी गोष्ट आहे.

दुसरा मार्ग टेलिफोनवाल्यांचा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मुळात बहिऱ्यांचा शिक्षक आणि वाणीशास्त्रज्ञाचा मुलगा. त्याच्या नावाची प्रयोगशाळा माणसाच्या बोलण्याचे पृथक्करण करण्यात गुंतलेली असावी हे ओघानेच आले, कारण बोलणे हाच तिच्या कंपनीचा माल होता. १९२०च्या दशकात या कंपनीच्या कारखान्यातून पत्तीचे कृत्रिम स्वरयंत्र निघू लागले. गळ्यातल्या छिद्रापासून एक नळी पत्तीच्या डबीत आणि तेथून दुसरी तोंडाच्या कोपऱ्यात. तोंडातून नळी लोंबत असलेला माणूस चारचौघांत कसा दिसत असेल याची कल्पना करावी. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि १९६०च्या सुमारास याच कंपनीने गळ्याला टेकवण्याचे विजेचे यंत्र काढले. तात्यांचे यंत्र त्याच कुळातले. त्या यंत्राच्या दोन आवृत्त्या होत्या, एक पुरुषांसाठी खालच्या पट्टीची आणि एक स्त्रियांसाठी वरच्या पट्टीची. हा वरवर किरकोळ तपशील आहे. पण आवाज म्हणजे नुसते कळणारे शब्द नव्हेत, त्यामागे कोणीतरी विशिष्ट व्यक्ती असते, याची ही यंत्रनिर्मात्यांनी दिलेली पहिली कबुली म्हणावी लागेल. यंत्राशिवाय अन्ननलिकेने बोलणाऱ्या स्त्रीला हीही सोय नव्हती. तो स्वर जात्याच इतका जाड असतो की फोनवर ऐकणारा तिला हमखास पुरुष समजतो.

भिंतीला भोक पाडण्याची कल्पना कोणा शल्यविशारदाची नव्हे. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन वैद्यकात एक अहवाल प्रसिद्ध झाला : स्वरयंत्र काढलेल्या एका रोग्याने बर्फ फोडण्याचा दाभण तापवून स्वतःच्याच गळ्याच्या छिद्रातून श्वासनलिका आणि घसा यांच्यामधल्या भिंतीत खुपसला, आणि छिद्रावर बोट ठेवताच तो बोलू लागला. ऐकूनच अंगावर काटा येतो. ज्याचे बोलणे गेले आहे त्याच्यासाठी बोलणे किती मोलाचे असते याचा याहून वेगळा पुरावा नको. अडचण अर्थात जुनीच होती, अशा भोकातून अन्न व पाणी फुफ्फुसात उतरते. ती सोडवायला १९७०चे दशक उजाडले. पोलंडमध्ये मोझोलेव्स्की यांनी या भिंतीत झडप बसवून पाहिली, आणि दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एरिक ब्लॉम हे वाचातज्ज्ञ व मार्क सिंगर हे शल्यविशारद या जोडीने जी सिलिकोनची एकतर्फी झडप सिद्ध केली, ती जगभर मान्य झाली. गळ्याच्या छिद्रावर अंगठा दाबला की फुफ्फुसाची हवा झडप ढकलून अन्ननलिकेत शिरते आणि तिच्या वरच्या टोकाला कंप सुटतो. अंगठा काढला की झडप मिटते आणि घास खाली घसरत नाही. स्वर घोगरा असतो, पण त्यामागे माणसाचा स्वतःचा श्वास असतो. वाक्य लांबवता येते, आवाज चढवता-उतरवता येतो.

ही झडप दर काही महिन्यांनी बदलावी लागते, कारण तिच्यावर बुरशी चढून ती गळू लागते. आयात केलेल्या झडपेची किंमत आपल्याकडे पंधरा ते तीस हजार रुपयांच्या घरात. तंबाखूमुळे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे ओझे असलेल्या आणि त्यात कष्टकऱ्यांचाच भरणा असलेल्या आपल्या देशात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. बंगळूरचे कर्करोग-शल्यविशारद विशाल राव यांनी आपले उद्योजक मित्र शशांक महेश यांच्या मदतीने साधारण पन्नास रुपयांत तयार होणारी झडप विकसित केली. २०१५-१६च्या सुमारास तिची वार्ता सर्वत्र पोहोचली. तिचे नाव त्यांनी ‘ओम’ ठेवले. हे नाव काहींना भाबडे वाटेल. मला त्यातली कळकळ भावते; कंठातून निघणारा आणि ओठांवर मिटणारा तो नाद आहे, आणि त्यात ‘ह’ नाही!

येथवर आपण स्वरयंत्र गमावलेल्यांविषयी बोललो. मज्जातंतूंच्या विकाराने ज्यांचे ओठ आणि जीभही निकामी होतात त्यांना पत्ती वा झडप कामाची नाही. त्यांच्यासाठी अख्खे बोलणेच यंत्राने रचावे लागते. स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८५ मध्ये जिनिव्हात न्यूमोनियाने गाठल्यावर त्यांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले आणि उरलेसुरले बोलणेही गेले. त्यानंतर ज्या आवाजात ते जगाशी बोलले, तो मुळात डेनिस क्लॅट यांचा होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. क्लॅट हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले संशोधक. लिखित इंग्रजी वाचून दाखवणारी प्रणाली घडवताना त्यांनी मोजमापांसाठी स्वतःचाच आवाज वापरला. त्यातून जो पुरुषी आवाज झाला त्याला ‘परफेक्ट पॉल’ असे नाव मिळाले. स्त्रीचा आवाज त्यांच्या पत्नीवरून आणि मुलाचा त्यांच्या मुलीवरून बेतला होता. एका परीने ते सारे घरच यंत्रात जाऊन बसले. क्लॅट यांना थायरॉइडच्या कर्करोगाने ग्रासले, शेवटी त्यांचा स्वतःचा आवाज क्षीण व घोगरा झाला, आणि डिसेंबर १९८८ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते निवर्तले. तोवर त्यांचा निरोगी आवाज हॉकिंग यांच्या खुर्चीतून बोलू लागला होता.

पुढे याहून कितीतरी नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले. हॉकिंग यांनी ते घेतले नाहीत. इंग्रज माणूस, पण उच्चार अमेरिकन, याची ते थट्टा करीत. तरी तोच आवाज आपला, असे सांगत. जुने यंत्र मोडकळीला आले तेव्हा अभियंत्यांनी अनेक वर्षे खपून त्याचा हुबेहूब आवाज नव्या संगणकावर उतरवला; तो जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या हाती आला, आणि १४ मार्चला ते गेले. तात्यांनी नाकारलेली एकसुरी घरघर आणि हॉकिंग यांनी हट्टाने राखलेला यांत्रिक स्वर यांत ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अंतर आहेच. पण दोघेही सांगत होते ती गोष्ट मला एकच वाटते. कोणता आवाज आपला, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना स्वतःकडे हवा होता.

चित्रपट-समीक्षक रॉजर इबर्ट यांच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. २००६ मध्ये कर्करोगावरील शस्त्रक्रियांच्या गुंतागुंतीत त्यांचे बोलणे कायमचे गेले. चित्रपटांच्या तबकड्यांसाठी त्यांनी केलेली तासन्‌तास भाष्ये मात्र ध्वनिमुद्रित होती. एडिंबरोच्या एका कंपनीने त्यांतून त्यांच्याच आवाजाची संगणकीय प्रतिकृती तयार केली, आणि मार्च २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर ती ऐकून त्यांच्या पत्नीचे डोळे भरून आले. तरीही पुढच्याच वर्षी एका मोठ्या व्याख्यानासाठी इबर्ट यांनी आपल्या संगणकातला तयार, परका पण सफाईदार आवाज वापरला, आणि काही भाग पत्नीला व मित्रांना वाचायला लावला. स्वतःचा अपुरा आवाज की दुसऱ्याचा चांगला, ही निवड त्यांनाही सोपी गेली नसावी.

अगदी अलीकडे मेंदूतच विद्युदग्रे बसवून बोलण्याचा संकल्प वाचता येऊ लागला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन संशोधक-गटांनी असे प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात मेंदूच्या आघातामुळे अठरा वर्षे मूक असलेली एक स्त्री मिनिटाला सुमारे अठ्ठ्याहत्तर शब्दांच्या गतीने बोलली. निरोगी माणूस साधारण याच्या दुप्पट वेगाने बोलतो. तिच्यासाठी घडवलेला आवाज तिच्या स्वतःच्या लग्नाच्या चित्रफितीतील बोलण्यावरून तयार केलेला होता. गुसेनबाउअरच्या एकाच पत्तीपासून येथवर यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

ही बातमी वाचली तेव्हा तात्यांच्या मुलीची आठवण झाली. तात्यांना जाऊन फार वर्षे झाली. ते यंत्र कुठे गेले कोणास ठाऊक. बॅटरी आत फुटून गंजले होते म्हणतात. पाटी नातवाने सांभाळून ठेवली आहे. मुलीच्या लग्नाची कॅसेटही आहे, तात्यांच्या आजारपणापूर्वीची. ती आता संगणकावर उतरवून घेतली आहे. सनई, बँड, भटजी आणि बायकांची गडबड यांत तात्यांचा आवाज कसाबसा चार-पाच सेकंद ऐकू येतो. पंगतीच्या टोकाला उभे राहून ते कोणाला तरी हाक मारीत आहेत : ‘अहो, या ना, पाने वाढली आहेत.’ तिच्या घरी गेलो की ती एवढाच तुकडा लावते. दोन्ही ‘ह’ अगदी स्वच्छ ऐकू येतात.